काजूची वही

वहीतली पहिली नोंद १२ नोव्हेंबर २०२३ची आहे. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. लाडवांचं बेसन मोजायला काढलेला काटा ओट्यावरच होता. दिवाळीच्या सुट्टीत बेंगळुरूहून आलेल्या लेकीने त्यावर स्टीलचा डबा ठेवला, डब्यात काजूला बसवलं आणि म्हणाली, "आई, ४८८. सप्टेंबरमध्ये हा ५३१ होता ना गं?"

काजू म्हणजे आमचा पाळीव उंदीर. लेकीला 'उंदीर' हा शब्द आवडायचा नाही, ती 'रॅट' म्हणायची. आपल्याकडे कपाटामागे पळणारा चिमुकला जीवही उंदीर आणि शेपटी सोडून वीतभर लांबीचा, अर्ध्या किलोचा हा गडीही उंदीरच. शेजारपाजारचे सरळ 'घूस पाळलीय' म्हणायचे. घूस वेगळी, पण किती जणांना सांगत बसणार. अंग पांढरं, डोकं आणि खांदे काळे, पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ. डोक्यावर कानटोपी घातल्यासारखा दिसायचा.

त्रेचाळीस ग्रॅम म्हणजे तुमच्याआमच्या लेखी काहीच नाही, पण त्याच्या अंगाचा तो बारावा हिस्सा होता. दोन महिने मी त्याला रोज हातात घेत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. उंदीर हा शिकार होणारा प्राणी. अशक्तपणा दिसला की जीव जातो हे त्याच्या रक्तातच असतं, म्हणून तो आजार शेवटपर्यंत लपवतो. डोळ्यांना फसवता येतं, काट्याला येत नाही. त्या संध्याकाळी लेकीच्या जुन्या वहीत तारीख, वजन आणि शेरा असे तीन रकाने आखले.

हे आधीच करायला हवं होतं, कारण काजूचा भाऊ मनुका आमच्या डोळ्यांसमोर गेला होता.

जानेवारी २०२२मध्ये लेक अकरावीत असताना मासे आणि पक्षी विकणाऱ्या एका दुकानातून हे दोघे भाऊ आणले. तेव्हा ते दीड महिन्याचे असतील. उंदीर एकटा पाळू नये, त्याला जातीची सोबत लागते, एवढं वाचून ती आली होती. पिंजऱ्यात काय अंथरायचं हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सुताराकडचा लाकडाचा भुसा फुकट मिळायचा, तोच घालत होतो. त्या भुशातली बारीक धूळ आणि लाकडाचा वास, त्यात लघवीचा अमोनिया. माणसाला नाकाशी नुसतं झोंबतं, पण उंदीर सगळा श्वास नाकानेच घेतो. त्यातून पाळीव उंदरांच्या फुप्फुसांत मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू बहुधा लहानपणापासूनच मुक्कामाला असतो. अंगात ताकद आहे तोवर तो दबून राहतो. वय झालं किंवा हवा वाईट मिळाली की वर येतो.

सप्टेंबर २०२३मध्ये मनुका शिंकायला लागला. नाकाभोवती लाल दिसू लागलं. सासूबाई म्हणाल्या, "रक्त येतंय गं त्याच्या नाकातून." ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य पाझरतं. बरं वाटत नसलं किंवा ताण आला की ते वाढतं, आणि अंग चाटण्यापुसण्याची ताकद नसली की साचून दिसतं. हे नंतर कळलं. तेव्हा मी सर्दी समजून दहा-बारा दिवस काढले. मग एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला हातही लावला नाही. "यांचं आयुष्यच दोन वर्षांचं, दुसरा घ्या" म्हणाले आणि लहान मुलांचं एक सिरप लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी मनुका मान वर करून, तोंड उघडून श्वास घेऊ लागला. उंदराने तोंडाने श्वास घेणं ही शेवटची पायरी असते. शहराच्या दुसऱ्या टोकाला पक्षी, ससे, कासवं बघणाऱ्या एक डॉक्टर आहेत असं कळलं, म्हणून रिक्षाने निघालो. तो वाटेतच गेला. तरीही आम्ही त्या डॉक्टरांकडे पोहोचलो, कारण दुसऱ्या डब्यात काजू होता. त्याचं ५३१ वजन त्यांनीच केलं होतं.

त्या दिवशीच भुसा गेला आणि जुन्या फ्लीसच्या जाकिटांचे चौकोन कापून अंथरायला सुरुवात झाली.

दिवाळीनंतर काजूला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याला टेबलावरच्या टॉवेलवर ठेवलं आणि मागच्या पायाचा पंजा अलगद उलटा दुमडला. धडधाकट प्राणी क्षणात पंजा सरळ करतो. काजूचा डावा पंजा तसाच राहिला, उजवा सावकाश सरळ झाला. म्हाताऱ्या उंदरांमध्ये, नरांमध्ये विशेष, पाठीच्या कण्यातून मागच्या पायांकडे जाणाऱ्या नसांची मुळं झिजत जातात. "याने दुखत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण औषधाने मागेही फिरत नाही. पुढचे पाय बहुतेक शाबूत राहतील. त्याच्याऐवजी तुम्ही घर बदला."

श्वासासाठी दोन प्रतिजैविकं, सांध्यांसाठी सुजेवरचं एक औषध आणि नेब्युलायझर असं ठरलं.

औषध पाजण्यात आमची पहिली चूक झाली. गोळीची पूड भयंकर कडू, म्हणून मी ती गूळ घालून नाचणीच्या सत्त्वात कालवायची. काजू वाटी चाटूनपुसून साफ करायचा आणि मी खूश. आठवड्यानंतरही छातीतला आवाज कमी होईना, तेव्हा डॉक्टरांनी कशातून देता म्हणून विचारलं. नाचणी ऐकून त्या थांबल्या. या दोन्ही औषधांना कॅल्शियम बांधून ठेवतं, ती रक्तात नीट उतरत नाहीत. दूध-दही टाळायचं हे मला माहीत होतं, पण आपल्या धान्यांत कॅल्शियमसाठी नाचणीचं नाव पहिलं येतं हे डोक्यात आलं नाही. मग औषध कुस्करलेल्या केळ्यातून, आणि सत्त्व तीन तासांनी. पाच दिवसांत फरक ऐकू आला. ऐकू आला असंच म्हणावं लागेल, कारण मी रोज त्याची बरगडी कानाला लावून ऐकत असे. बरा असला की आत काहीच वाजत नसे. बिघडला की वाळक्या पानावर पाय पडावा तसा बारीक कुरकुर आवाज यायचा.

नेब्युलायझर घरात होताच. सासूबाईंना दमा आहे. काजूसाठी वेगळा कप आणि नळी आणली, झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्याला भोकं पाडली, एका भोकातून नळी आत सोडली. आत फक्त सलाईन, दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी तो डब्यात सैरभैर झाला. दुसऱ्या दिवशी त्याचं रोजचं फडकं आत घातलं तर त्यावर डोकं टेकून झोपला.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. हे दोघे घरात आले तेव्हा त्या आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलल्या. त्यांचं लहानपण गावातलं. कणगीतलं धान्य नासवणारे उंदीर त्यांनी पाहिले होते आणि त्यांच्या आजीने प्लेगच्या गोष्टी सांगितल्या होत्या. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, शेतात झोपड्या घालून राहायचं. त्या पिढीत हे घरोघरी घडलेलं. त्यामुळे त्यांची भीती मला कधीच खुळी वाटली नाही. पिंजरा त्यांच्या खोलीपासून लांब ठेवला, हात साबणाने धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही असा नियम केला. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, बातमी आली की मी पिंजऱ्याची जाळी तपासायची, बाहेरचा उंदीर याच्यापर्यंत पोहोचता कामा नये म्हणून. आमच्या सोसायटीतही दर वर्षी उंदीर मारायचं औषध टाकतात. त्या नोटिशीवर मी सही करते. धान्याच्या डब्यामागे निघालेल्या उंदरासाठी मी डॉक्टरकडे धावले नसते, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी माझ्यात एकाच वेळी आहेत आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

मनुका गेल्यावर काजू एकटा पडला होता, म्हणून नवी पिल्लं आणावीत का असं डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तरण्या पिल्लांची दंगल याला झेपणार नाही, पायांत जोर नसलेला म्हातारा नर पळूनही जाऊ शकत नाही. तुम्हीच सोबत व्हा. लेक शिकायला बाहेर, नवरा दिवसभर कामावर, मी दुपारी दोनपर्यंत शाळेत. सकाळची सोबत कोणी करायची? हा प्रश्न मी बोलून दाखवला नव्हता. एका सोमवारी शाळेतून आले तर सासूबाईंच्या मांडीवर सोलापुरी चादर आणि चादरीच्या घडीत काजू. "फार थंडी वाजत होती त्याला," एवढंच म्हणाल्या. पुढे ते रोजचं झालं. डिसेंबरमध्ये त्यांना स्वतःला धाप लागलेली असताना म्हणाल्या, "आधी त्याला दे वाफ. मला अर्ध्या तासाने चालेल."

घर बदलायचं म्हणजे काय ते हळूहळू कळत गेलं. पिंजऱ्याचे वरचे मजले आणि शिड्या काढल्या, कारण अंगात बळ नसलं तरी चढायची सवय जात नाही, आणि पडला तर पाठच मोडेल. पाण्याची बाटली उंच होती. तिच्यापर्यंत पोहोचायला मागच्या पायांवर उभं राहावं लागतं, म्हणून जड मातीची बुटकी वाटी आली. फ्लीसच्या खाली जुन्या गोधडीचा थर दिला, कारण घोटे सतत जमिनीला घासून टाचांना फोड येतात. आमचा एक फोड चिघळलाच. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून मलम लावायला तीन आठवडे गेले.

लघवीवर ताबा राहत नाही. पोट ओलं राहिलं की कातडी लाल होते. रोज रात्री कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ कापसाने पोट पुसायचं, टॉवेलने कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. म्हाताऱ्या नराला स्वतःची लघवीची जागा साफ करता येत नाही, तिथे पांढरट चिकटा साचून घट्ट होतो आणि लघवी अडू शकते. तोही आठवड्यातून एकदा बघायचा. सांगायला अवघड वाटतं, पण ज्याच्या घरी असा उंदीर असेल त्याला हे माहीत हवं, आणि मला ते कुठे मराठीत वाचायला मिळालं नव्हतं.

कानांचं मात्र कोणीच सांगितलं नाही, ते काजूनेच सांगितलं. उंदीर मागच्या पायाने कान खाजवतो. पाय गेले आणि कान तसेच राहिले. एका रात्री पाहिलं तर त्याची मांडी जागच्या जागी थरथरत होती आणि डोकं एका बाजूला कललेलं. मला वाटलं झटका आला. मग उमगलं, पाय खाजवायला निघालाय पण पोहोचत नाहीये. मी करंगळीने कानामागे खाजवलं आणि त्याने पुरं डोकं माझ्या हातावर टाकलं. दात एकमेकांवर घासत करकर करू लागला आणि डोळे भराभर आत-बाहेर होऊ लागले. बघणारा घाबरेल, पण हा उंदराचा सुखाचा आवाज. जबड्याचा स्नायू डोळ्यामागून जातो, म्हणून दात घासले की डोळा हलतो. किती महिने त्याला ती खाज सोसावी लागली असेल कोण जाणे. त्यानंतर दिवसातून चार वेळा कान खाजवणं वहीत औषधांच्या बरोबरीने लिहिलं गेलं.

एप्रिलचा उन्हाळा कठीण गेला. उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखी धापही टाकता येत नाही. अंगातली उष्णता बरीचशी शेपटीतून बाहेर पडते. घरात ३४ अंश झाले की काजू आडवा पडून राहायचा आणि शेपटी हाताला गरम लागायची. फुटलेल्या माठाचं बूड ओलं करून पिंजऱ्यात ठेवलं. त्याने त्यावर शेपटी टाकली, पोट टेकलं आणि उन्हाळाभर ती त्याची जागा झाली. शेपटीला ओला पंचा लावायचा. टरबुजाचा बियांविना तुकडा. वजन त्या महिन्यात ४३१वरून ४०२वर आलं.

खाणं तोवर छान होतं. मुगाची बिनमिठाची मऊ खिचडी, उकडलेलं अंडं, लाल भोपळा, मटार. मटाराचा दाणा तो दोन्ही हातांत धरून साल काढायचा आणि साल बाजूला टाकायचा. पाय लुळे पडल्यावरही तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि हातांनी खायचा. सासूबाई मुद्दाम त्याला एकेक दाणा द्यायच्या, ते बघायला.

२३ जूनच्या शेऱ्यात लिहिलंय, "मटार धरता आला नाही."

दाणा हातातून निसटला. त्याने परत उचलला, परत निसटला. मग मनगटांनी दाबून तोंडाकडे ढकलू लागला. मला वाटलं अशक्तपणा. डॉक्टरांनी फोनवर ऐकलं आणि त्याच संध्याकाळी बोलावलं. मागच्या पायांचा आजार पुढे येत नाही, हे वेगळं काहीतरी आहे. म्हाताऱ्या उंदरांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होते. हात ताठ होतात, पकड जाते, पुढे डोकं दाबून धरायला लागतो. सुजेवरचं आधीचं औषध बंद करून, मध्ये अंतर ठेवून त्यांनी स्टेरॉइड दिलं, दोन्ही एकत्र दिली तर पोटात व्रण होतात म्हणून. "याने फरक पडला तर गाठच आहे असं समजू," त्या म्हणाल्या, "आणि मिळतील ते दिवस बोनस."

सहा दिवस मिळाले. दुसऱ्या दिवशी त्याने मटार धरला. सासूबाईंनी मला हाक मारून बोलावलं आणि आम्ही दोघी स्वयंपाक तसाच टाकून बघत बसलो.

मग पुन्हा उतरण. ३६२. ३४९. ३३८. खिचडी पातळ करून सुई नसलेल्या सिरिंजने, तोंडाच्या कडेने, थेंबथेंब. घाई केली की ठसका लागतो आणि घास छातीत जायची भीती, म्हणून एका जेवणाला चाळीस मिनिटं. रात्री दोनला उठत होते. लोक विचारायचे, "उंदराला एवढं?" आठ महिन्यांत औषधपाण्याला एकोणीस हजार रुपये गेले, ते मी कोणापासून लपवले नाहीत. त्याला आम्ही आणलं होतं, तो आपणहून आला नव्हता. ज्या भुशावर त्याची फुप्फुसं खराब झाली तो मीच अंथरला होता. मला दुसरं उत्तर सुचत नव्हतं आणि आजही सुचत नाही.

१३ जुलैला रात्री कानामागे खाजवलं तेव्हा त्याने डोकं टाकलं नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कपाळ दाबून तसाच राहिला. मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी येईपर्यंत थांबवू नकोस त्याला माझ्यासाठी. दुखत असेल तर उद्याच ने." पण ती रात्रीच्या बसमध्ये बसली होती, आणि डॉक्टरही सोमवारीच भेटणार होत्या. रविवार सासूबाईंच्या मांडीवर गेला. पाऊस धरून होता. चादरीच्या घडीत तो होता आणि त्या पाठीवरच्या काळ्या रेघेवरून एक बोट फिरवत होत्या, दुपारी चार वाजेपर्यंत, जेवायलासुद्धा उठल्या नाहीत.

सोमवारी डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं. जागेपणी सुई टोचायची नाही. छोट्या डब्यात भुलीचा वायू, त्यात तो झोपेल. पूर्ण झोपल्यावरच इंजेक्शन. डब्यात त्याचं फ्लीस घालू दिलं. लेकीने तिच्या करंगळीवर केळं लावून पुढे केलं, त्याने दोनदा चाटलं. डोळे मिटायला मिनिटभरही लागलं नसेल. दोन वर्षं सात महिने. शेवटचं वजन डॉक्टरांनीच केलं आणि मला वहीत लिहायला सांगितलं, ३२१.

नवऱ्याच्या मित्राच्या शेतावर, बांधावरच्या आंब्याखाली पुरलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खड्डा हातभर खोल केला आणि वर माठाचं ते बूड पालथं घातलं.

पिंजरा महिनाभर तसाच होता. मग आमच्या शाळेतल्या एका माजी विद्यार्थिनीने दोन माद्या आणल्यात असं कळलं, तिला दिला. सोबत फ्लीसचे चौकोन, सिरिंजा आणि नेब्युलायझरचा डबाही. वही मात्र ठेवून घेतली. तिच्यासाठी नवी आणली आणि पहिल्या पानावर रकाने आखून दिले. शेजारी लिहिलं की मादी असल्याने काखेत, छातीवर, पोटावर दर आठवड्याला बोटं फिरवून गाठ आहे का बघ, लहान असताना सापडली तर काढता येते. लाकडाचा भुसा नको. प्रतिजैविक नाचणीत नको.

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. आवाज कापत होता. "मॅडम, एकीच्या नाकाला लाल लागलंय. रक्त आहे का ओ?"

"रक्त नसेल," मी म्हटलं. "घाबरू नकोस. छातीला कान लावून बघ. काही वाजतंय?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाही वाजत."

"बरं. काटा घे आता."